सायकलसह परदेशी विमानप्रवास : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सायकल विमानात चढवणं अवघड नाही. पाना फिरवता येणारा कोणीही ती दोन-तीन तासांत खोलून खोक्यात बसवू शकतो. गोंधळ होतो तो क्रमाचा. तिकीट आधी निघतं, सायकलीचे नियम नंतर वाचले जातात आणि खोका निघायच्या आदल्या रात्री भरला जातो. म्हणून खाली पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत, ज्या क्रमाने त्या करायला हव्यात. दोन गोष्टी सुरुवातीपासून धरून चाला: खोका कुठेतरी आडवा आपटणार आहे, आणि तुम्ही समोर नसताना कोणीतरी तो उघडणार आहे. पॅकिंगचे बहुतेक निर्णय यातूनच निघतात.

१. तिकीट काढण्याआधी सामानाचे नियम वाचा

विमान कंपनीच्या संकेतस्थळावर ‘क्रीडासाहित्य’ किंवा ‘विशेष सामान’ असा वेगळा विभाग असतो. तिकिटाचे दर बघण्याआधी तो उघडा. साधारण तीन प्रकार दिसतात. काही कंपन्या सायकल तुमच्या नेहमीच्या नगांपैकी एक धरतात आणि वजनात बसत असेल तर वेगळे पैसे घेत नाहीत. काही दर फेरीला ठरावीक शुल्क घेतात. तिसरा प्रकार खिशाला सर्वात जड: त्यात सायकलीसाठी वेगळा नियमच नसतो, त्यामुळे खोक्याला आकाराचा आणि वजनाचा असा दुहेरी दंड बसतो.

आकडे लक्षात ठेवा. चेक-इन बॅगेची नेहमीची मर्यादा लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर असते. सायकलीचा खोका साधारण १४० × ८० × २५ सेंटिमीटरचा, म्हणजे बेरीज २४५च्या आसपास. तेव्हा ‘सायकल चालेल’ एवढं वाचून थांबू नका. खोक्याची कमाल मापं किती, तेही शोधा. वजनाची मर्यादा इकॉनॉमीत बहुतेक ठिकाणी २३ किलो असते आणि ३२ किलोच्या वरचा एकच नग सहसा कोणी घेत नाही, कारण तो माणसांना हातांनी उचलावा लागतो.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला, तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं. भागीदारीतल्या उड्डाणांत हे सर्रास होतं. तिकिटावर ‘उड्डाण चालवणारी कंपनी’ म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा आणि नियम तिचेही वाचा. दोघींचे नियम वेगळे असतील, तर तुमच्या तिकिटावर कोणाचे लागू होतात हे विचारून घ्या.

दुसरा, स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी काढलेली दोन तिकिटं. अशा वेळी मधल्या विमानतळावर सायकल उतरवून, कस्टममधून बाहेर काढून, पुन्हा चेक-इन करावी लागते. शुल्क दोनदा. त्या देशाचा व्हिसा लागत असेल तर तोही. मोठा खोका घेऊन टर्मिनल बदलणं हा वेगळाच व्यायाम आहे. सायकल बरोबर असेल तेव्हा एकाच तिकिटावरचा प्रवास थोडा महाग पडला तरी मी तोच निवडतो.

तिसरा, शेवटच्या टप्प्यातलं छोटं विमान. मोठ्या विमानात सहज मावणारा खोका छोट्या प्रॉपेलर विमानाच्या सामानकक्षाच्या दारातून आत जाईलच असं नाही. त्या टप्प्याचं विमान कोणतं आहे ते तिकिटावर दिसतं. छोटं असेल तर कंपनीला खोक्याची मापं सांगूनच पुढे जा.

२. सायकलीची जागा नोंदवा, तीही लेखी

बऱ्याच कंपन्या एका उड्डाणात ठरावीकच सायकली घेतात. तिकीट निघाल्यावर त्याच दिवशी सायकल नोंदवून टाका. काही ठिकाणी हे ऑनलाइन होतं, काही ठिकाणी फोन करावा लागतो. फोनवर बोलताना खोक्याची तिन्ही मापं, वजन आणि बुकिंग क्रमांक समोर ठेवा. समोरच्याने ‘विनंती टाकली आहे’ म्हटलं तर काम अजून झालेलं नाही. ‘मंजूर झाली’ हे ऐकायचं आहे. त्याची ईमेल मागा. ती आणि नियमांचं पान, दोन्ही छापून पाकिटात ठेवा. काउंटरवरच्या माणसासमोर सायकली क्वचितच येतात. त्याच्याच कंपनीचा कागद समोर ठेवला की वाद सुरू होण्याआधी मिटतो.

उड्डाणाची वेळ बदलली किंवा तिकीट नव्याने निघालं, तर सायकलीची नोंद बरोबर गेली आहे असं मानू नका. पुन्हा विचारा.

३. पुठ्ठ्याचा खोका, मऊ बॅग की कडक पेटी?

हा प्रश्न पैशांचा कमी आणि प्रवासाच्या आखणीचा जास्त आहे. एका गावी उतरून दुसऱ्याच गावाहून परतणार असाल, तर कडक पेटी महिनाभर ठेवणार कुठे? अशा प्रवासाला पुठ्ठ्याचा खोका उत्तम. नव्या सायकली ज्यातून येतात तेच खोके सायकलीच्या दुकानांत पडून असतात आणि आधी सांगून ठेवलं तर बहुधा सहज मिळतात. वजन चार-पाच किलो. पावसात भिजला की मात्र त्यात जीव राहत नाही.

एकाच ठिकाणी राहून शर्यत किंवा रोजच्या फेऱ्या करायच्या असतील, तर कडक पेटी किंवा आतून फ्रेम पक्की धरणारी मऊ बॅग घ्या. कडक पेटीचं रिकामं वजनच दहा-बारा किलो भरतं. त्यात नऊ किलोची सायकल ठेवली की २३ किलोत जेमतेम बूट आणि हेल्मेट बसतात.

चौथाही पर्याय आहे: जाड पारदर्शक प्लास्टिकची मोठी पिशवी. पेडल काढायची, हँडल वळवायचं आणि जवळजवळ अख्खी सायकल पिशवीत. यामागचा तर्क असा की आत सायकल आहे हे दिसलं की लोक ती सायकलीसारखीच हाताळतात, तिच्यावर दुसऱ्या बॅगा रचत नाहीत. पोलादी फ्रेमच्या टूरिंग सायकलीसाठी मला हा तर्क पटतो. कार्बनच्या फ्रेमसाठी नाही. शिवाय अनेक कंपन्या अशी पिशवी घेत नाहीत. नियमांत ‘कडक पेटी किंवा खोका’ असं लिहिलं असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही.

४. काय न्यायचं नाही आणि काय केबिनमध्येच न्यायचं

इलेक्ट्रिक सायकलवाल्यांसाठी वाईट बातमी आधी. प्रवासी विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची (वॉट-तास म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप) लिथियम बॅटरी केबिनमध्ये चालते, १०० ते १६० पर्यंतच्या बॅटरीला कंपनीची परवानगी लागते, आणि १६०च्या वरची ना केबिनमध्ये चालते ना सामानात. इलेक्ट्रिक सायकलींच्या बॅटऱ्या सहसा ३०० ते ७५० वॉट-तासांच्या असतात. म्हणजे सायकल नेली तरी बॅटरी घरीच राहणार. पोहोचल्यावर तिथे भाड्याने मिळते का ते आधी बघा. नसेल तर सायकलच तिथे भाड्याने घेणं शहाणपणाचं.

इलेक्ट्रॉनिक गिअरच्या बॅटऱ्या अगदी छोट्या असतात, त्यांची अडचण नाही. पण वायरलेस डिरेलरवरची (डिरेलर म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) बॅटरी काढून केबिन बॅगेत ठेवा. ती तशीच ठेवली तर खोक्याच्या हालचालीने यंत्रणा सारखी जागी होते आणि पोहोचेपर्यंत बॅटरी उतरते. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच हवेत. चार्ज होणारे दिवेही तिथेच ठेवले की प्रश्न उरत नाही.

टायरमध्ये झटपट हवा भरायची कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी घेऊ नका. आंतरराष्ट्रीय नियमांत त्यांना कंपनीच्या परवानगीने थोडी मुभा आहे, पण काही देशांची सुरक्षा तपासणी ती सरळ काढून टाकते. हातपंप घ्या. स्प्रेच्या डब्यातलं ज्वालाग्राही वंगण आणि डीग्रीझर (चेनवरचा चिकट मळ काढायचं द्रव) बंद. पंक्चरसाठी सोल्यूशनच्या ट्यूबऐवजी स्वतः चिकटणारे पॅच घ्या. स्टोव्ह नेणार असाल तर इंधन अजिबात नाही, आणि वापरलेल्या स्टोव्हला इंधनाचा वास येत असेल तर तोही अडवला जाऊ शकतो.

पाने, मल्टीटूल, चेन तोडायचं हत्यार, हे सगळं चेक-इन सामानात. केबिनमध्ये सापडलं तर तिथेच सोडून द्यावं लागेल.

५. जवळ काय हवं

कागद:
- सायकलीच्या नोंदणीची मंजुरी आणि कंपनीच्या नियमांची छापील प्रत
- सायकल खरेदीची पावती, किंवा किमतीचा दुसरा पुरावा
- फ्रेम क्रमांकाचा फोटो; हा क्रमांक बहुधा पेडलच्या आसाखाली, फ्रेमच्या तळाला कोरलेला असतो
- प्रवास विम्याची प्रत, ज्यात सायकल संरक्षित आहे हे स्पष्ट लिहिलेलं असेल

हत्यारं आणि सामान:
- अ‍ॅलन कीचा संच, डिस्क रोटरसाठी (डिस्क ब्रेकच्या धातूच्या चकतीसाठी) लागणारी, ताऱ्याच्या आकाराच्या टोकाची टॉर्क्स टी-२५ की
- पेडलसाठी १५ मिलिमीटरचा पाना, किंवा पेडलच्या रचनेप्रमाणे ६ वा ८ मिलिमीटरची अ‍ॅलन की
- छोटा टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच घट्ट करायचा पाना), विशेषतः कार्बनचे भाग असतील तर
- डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा छोटा तुकडा), एक जादा. ऐन वेळी सगळं मिळेल, तुमच्या फ्रेमचा हँगर मिळणार नाही.
- नळाच्या आवरणाचा फोम, वेल्क्रोचे पट्टे, झिप टाय, रुंद चिकटपट्टी
- सामान तोलायचा हुक असलेला छोटा वजनकाटा

विम्याबद्दल एक वाक्य जास्त लिहितो. बऱ्याच प्रवास विम्यांत एका वस्तूला भरपाईची कमाल मर्यादा असते आणि चांगली सायकल त्या मर्यादेच्या कितीतरी वर जाते. बारीक अक्षरांतला तेवढा भाग तरी वाचा.

६. सायकल खोला

आधी धुवा. हे दिसण्यासाठी नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये टायरला किंवा मडगार्डच्या आत चिकटलेली माती, गवताची बी हा गंभीर मामला आहे. वापरलेली सायकल तिथे अर्जावर जाहीर करायची असते. न्यूझीलंडमध्ये जोखमीची वस्तू जाहीर न केल्यास जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. जाहीर केलेली स्वच्छ सायकल मात्र बघून सोडून देतात.

मग खोलण्याआधी फोटो काढा. सीटपोस्ट फ्रेममध्ये जिथपर्यंत गेला आहे तिथे चिकटपट्टी गुंडाळा, हँडलचा कोन पेन्सिलने खुणा. थकलेल्या डोक्याने परक्या खोलीत सायकल जोडताना याच खुणा उपयोगी पडतात.

पेडल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाठ करायची सोपी रीत अशी: पाना वर उभा धरला की दोन्ही पेडल मागच्या चाकाच्या दिशेने ढकलल्यावर सैल होतात. प्रवासाच्या आठवडाभर आधी एकदा काढून, ग्रीस लावून परत बसवा. गंजून अडकलेलं पेडल आदल्या रात्री निघत नाही.

पुढचं चाक काढा. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा ठोकळा बसवा, तो दुकानात फुकट मिळतो. थ्रू-अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाणारा, फिरवून बसवायचा आस) असेल तर तोच परत फिरवून बसवा. यात कसूर नको, कारण खोक्यावर बाजूने वजन पडलं की आधार नसलेला फोर्क आत दबतो. खोका मोठा असेल तर मागचं चाक जागेवर राहू शकतं.

डिस्क ब्रेक असतील तर चाक निघताच पॅडच्या मध्ये ठोकळा किंवा घडी केलेला जाड पुठ्ठा सरकवा. मध्ये काही नसताना ब्रेकचा दांडा चुकून दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात, आणि पोहोचल्यावर पहिला तास ते उघडण्यात जातो. रोटर काढून पुस्तकासारख्या सपाट वस्तूत ठेवलेले बरे; वाकलेला रोटर रस्ताभर घासत राहतो.

मागचा डिरेलर हँगरवरून सोडवा, फोममध्ये गुंडाळा आणि चेनसकट मागच्या त्रिकोणात आत बांधा. गिअर केबल काढायची गरज नसते. अख्ख्या सायकलीत सर्वात नाजूक आणि सर्वात बाहेर आलेला भाग हाच आहे. नवखे लोक फ्रेमला चार थर बबल रॅप गुंडाळतात आणि डिरेलर तसाच बाहेर सोडतात.

आता हवेचा वाद. सामानकक्षात हवेचा दाब नसतो आणि टायर फुटतात, असं अनेकजण सांगतात. प्रवासी विमानाचा सामानकक्षही केबिनसारखाच दाबाखाली असतो, फार तर ८,००० फूट उंचीवर असतो तितका विरळ. त्या फरकाने टायरमधला दाब चारेक पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचं एकक) वाढल्यासारखा होतो. ८० पीएसआयच्या टायरला त्याने काही होत नाही. तरीही बहुतेक कंपन्यांचा नियम हवा काढा असाच आहे आणि काउंटरवर भौतिकशास्त्र शिकवायला जाऊ नये. टायर बोटाने सहज दाबला जाईल इतकी हवा काढा, पण पूर्ण रिकामा करू नका: थोडी हवा असली की रिम धक्क्यापासून वाचते, आणि ट्यूबलेस टायर रिमवरून सुटून आतलं सीलंट (भोकं बुजवणारं द्रव) खोक्यात सांडत नाही.

७. खोका भरा

फ्रेमच्या प्रत्येक नळीला फोम. हँडल सोडवून वरच्या नळीला समांतर बांधा. केबल आणि ब्रेकच्या नळ्या कुठे करकचून वाकत नाहीत ना ते बघा. चाक फ्रेमच्या डाव्या बाजूला, म्हणजे गिअर नसलेल्या बाजूला, आणि मध्ये पुठ्ठा. चाकाच्या आसाची टोकं बाहेरच्या बाजूला पुठ्ठ्याची जाड चकती लावून झाका, नाहीतर ती खोका फोडून बाहेर येतात. पुढची मोठी गिअर-चकतीही तळ कापते. तिच्याखाली पुठ्ठ्याचे दोन थर द्या.

आता खोका बंद न करता तो थोडा हलवा. आत काही सरकलं, धातूला धातू लागल्याचा आवाज आला, तर पुन्हा बांधा. उरलेल्या जागेत कपडे किंवा झोपायची पिशवी भरली की छान आधार मिळतो, पण काही कंपन्या खोक्यात सायकलीशिवाय काहीच चालू देत नाहीत, ते आधी तपासा. सुटे बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी फ्रेमला बांधा. खोक्याच्या तळाशी सुटं काही ठेवू नका. हात घालायच्या भोकांतून पेडलसुद्धा बाहेर पडतं.

सुरक्षेसाठी खोका उघडला जाईल, तेव्हा आत सगळे भाग झिप टायऐवजी शक्य तिथे वेल्क्रोने बांधा. अनोळखी माणसाला ते सोडून परत लावता आले पाहिजेत. झिप टाय कापला गेला तर दुसरा लावायला तो कुठून आणणार? नाव, फोन आणि मुक्कामाचा पत्ता बाहेर दोन बाजूंना लिहा आणि आतही एक कागद ठेवा. ‘ही बाजू वर’ असे बाण काढायला हरकत नाही. भरवसा मात्र फोमवर ठेवा.

वजन घरीच करा आणि मर्यादेच्या एक किलो खाली थांबा.

८. विमानतळावर

नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा. टॅक्सी सांगताना खोक्याची लांबी सांगा. साध्या मोटारीत तो सहसा मावत नाही. चेक-इन काउंटरवर वजन आणि शुल्क झालं की खोका नेहमीच्या पट्ट्यावर जात नाही, मोठ्या सामानाच्या वेगळ्या खिडकीवर न्यावा लागतो. ती टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाला असू शकते आणि तिथे पुन्हा एक्स-रे होतो. तपासणी होईपर्यंत तिथेच थांबा. त्यांनी उघडायला सांगितलं तर तुमच्या हातांनी उघडून बंद करता येतं. त्यासाठी चिकटपट्टी हातात ठेवा, खोक्यात नको.

सामानाच्या चिठ्ठीवर शेवटच्या विमानतळाचाच कोड आहे ना ते वाचा. पावतीचा, आणि चिठ्ठी लावलेल्या खोक्याचा चारही बाजूंनी फोटो घ्या. आत एक ट्रॅकर टाकला की जोडविमानाच्या वेळी खोका आपल्याबरोबर आला की मागे राहिला हे कळतं. घाईची जोडणी टाळा, कारण मोठा खोका एका विमानातून दुसऱ्यात जायला छोट्या बॅगेपेक्षा जास्त वेळ घेतो.

९. उतरल्यावर

खोका फिरत्या पट्ट्यावर शोधू नका. मोठ्या सामानाचं वेगळं दार किंवा लिफ्ट असते. कस्टममध्ये वापरलेल्या सायकलीबद्दल पर्यटकाला सहसा कोणी त्रास देत नाही. पर्यटकांच्या कस्टम सवलतींविषयी १९५४ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात वैयक्तिक सामानाच्या यादीत इंजिन नसलेली एक सायकल आहे, दोन टेनिस रॅकेटच्या सोबतीला. सायकल परत नेणार आहात एवढंच महत्त्वाचं. उलट त्रास मायदेशी परतताना होऊ शकतो: सायकल तिकडेच विकत घेतली अशी शंका आली तर. पावती आणि फ्रेम क्रमांकाचा फोटो त्यासाठी आहे. महाग सायकल असेल तर निघतानाच कस्टममध्ये तिची नोंद करून घेता येते का ते विचारा. अनेक देशांत तशी सोय असते.

खोका फाटलेला, दबलेला दिसला तर तिथेच उघडा. नुकसान झालं असेल तर सामान विभागातून बाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. मॉन्ट्रियल करारानुसार (विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि सामान उशिरा आल्याची २१ दिवसांत करावी लागते. हॉटेलवर जाऊन निवांत खोलून बघू म्हणणाऱ्यांचे हे सात दिवस बघता बघता जातात. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४पासून दर प्रवाशाला १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. त्याचा दर रोज जाहीर होतो. तुमची सायकल त्याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळी जास्त मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरण्याची तरतूद करारात आहे, किंवा मग स्वतःचा विमा.

जोडताना बोल्ट हाताने लावून मग टॉर्क रेंचने घट्ट करा. रस्त्यावर येण्याआधी ब्रेक दाबून बघा, चाक फिरवून रोटर घासतो का ते ऐका, आणि मागच्या सर्वात मोठ्या गिअरवर चेन हळूच नेऊन डिरेलर आऱ्यांना लागत नाही ना ते बघा. हँगर वाकला असेल तर नेमका इथेच कळतो, आणि चढावर कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेला बरा.

विमानतळावरून रेल्वेने जाणार असाल तर तिथले नियम वेगळे असतात. जपानमध्ये, उदाहरणार्थ, सायकल खोलून किंवा घडी करून पूर्ण झाकणाऱ्या पिशवीत घातल्याशिवाय सहसा रेल्वेत घेत नाहीत.

१०. परतीचा खोका

मुक्कामाच्या पहिल्या हॉटेललाच परत येणार असाल तर खोका ठेवून घेतील का, हे ईमेलने आधी विचारा. दुसऱ्या शहरातून निघणार असाल तर तिथल्या दोन-तीन सायकल दुकानांना आठवडाभर आधी लिहा: अमुक तारखेला खोका लागेल, सायकलीचं माप इतकं. दुकानं रिकामे खोके रोज रद्दीत टाकतात, तेव्हा कोणीतरी सांगितलं तरच ते बाजूला ठेवले जातात. काही विमानतळांवर खोके विकतही मिळतात, पण त्यांचा साठा त्या दिवशी असेलच असं धरून चालू नका. चिकटपट्टीचा अर्धा रोल, फोर्कचा ठोकळा आणि फोमच्या नळ्या मात्र पहिल्या दिवशीच नीट बांधून ठेवा.